अक्कांना विचारा : सुपाऱ्या, सजा आणि स्वतःची चाल

प्रश्न : अक्का, नमस्कार. मी जिंतूर तालुक्यात तलाठी आहे, 2023 च्या भरतीतला. वडील कोरडवाहू शेतकरी, घरात सरकारी नोकरी लागलेला मी पहिलाच. शाळेत असल्यापासून पेटी वाजवतो, चाली लावतो. सध्या एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो, सप्त्यात कीर्तनाला साथ करतो, लग्नात संगीत संध्या असली तर तिथंही जातो. रात्री दोनला घरी येतो आणि सकाळी सजावर, म्हणजे माझ्याकडच्या गावांच्या कामावर, हजर. जनाबाईंच्या अभंगाला मी लावलेली एक चाल पुण्याच्या एका म्युझिक कंपनीला आवडलीय. पंधरा हजार देतो, सगळे हक्क कायमचे आमचे, असं त्यांचं म्हणणं. मित्र म्हणतात, नोकरी सोड, पुण्याला जा. घरी विषय काढला की आई जेवत नाही. मला संगीतकारच व्हायचंय. काय करू?
— एक तलाठी, जिंतूर

उत्तर : आधी आईला जेवू घाल बाळा. नोकरी आत्ता सोडायची नाही. हे मी आईची बाजू घेऊन सांगत नाही, तुझ्या चालींची बाजू घेऊन सांगतेय.

तुझ्या पत्रात ऑर्केस्ट्रा आहे, सप्ता आहे, लग्न आहे. तुझी स्वतःची म्हणावी अशी चाल मात्र एकच. नोकरी गाणं खातेय असं तुला वाटतं. मला दिसतंय की सुपाऱ्या, म्हणजे हे पैसे घेऊन वाजवायचे कार्यक्रम, ते खाताहेत. ज्याचं घर बिदागीवर चालतं त्याला कुणालाच नाही म्हणता येत नाही. परभणीतले असे कितीतरी चांगले वाजवणारे मला माहीत आहेत, आणि त्यांना नावं ठेवायचा मला काही हक्क नाही. पण तुझ्या खात्यावर पगार जमा होतो. नाही म्हणायची चैन तुला आयती मिळालीय आणि तू ती एकदाही वापरलेली नाहीस. पगारही घ्यायचा आणि पगार नसल्यासारखं वणवण फिरायचं, हे कसलं गणित?

आता भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढ आणि त्यावर दोन रंगांनी खुणा कर, एक खात्याच्या आणि एक गाण्याच्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये तुमची वसुली, आणि नेमके तेव्हाच गावोगाव सप्ते. एप्रिलात भीमजयंतीचे कार्यक्रम, त्याला लागून लग्नसराई. ऑगस्ट-सप्टेंबरात ई-पीक पाहणी, अतिवृष्टी झाली की बांधाबांधावर पंचनामे, आणि त्याच दिवसांत गणपती, पुढं नवरात्र. म्हणजे चिखलात पंचनामा करून आलेला माणूस रात्री स्टेजवर दुसऱ्यांची हिट गाणी वाजवतो. इथं पहिली काट मार. गणपती-नवरात्रातला ऑर्केस्ट्रा बंद. संगीत संध्याही बंद, सख्ख्या बहिणीचं लग्न असेल तर गोष्ट वेगळी.

कीर्तनाची साथ मात्र सोडू नकोस. पाकीट लहान असतं, रात्रही जाते, पण तिथं कान तयार होतो. महाराज कुठली पट्टी धरतील, कोणतं प्रमाण, म्हणजे दाखल्याचा अभंग, मध्येच उचलतील, याचा नेम नसतो. ऐकायचं आणि त्याच क्षणाला सूर द्यायचा. मृदंगवाला लय चढवतो तेव्हा टाळकऱ्यांच्या घोळक्यात चाल कुठं तग धरते आणि कुठं मोडते, हे तुला पेटीवर बसल्या बसल्या कळतं. अभंगाला चाल लावणाऱ्याला याहून चांगली शाळा मिळायची नाही. आणि तुझ्या जिल्ह्यात जनाबाईंचं गंगाखेड, शेजारी हिंगोलीत नामदेवांचं नर्सी. पुण्याला जाऊन तू शिकणार ते रेकॉर्डिंगचं तंत्र. तेही शिकायला हवं, त्याला माझी ना नाही.

नियमांचं भय तू पत्रात लिहिलेलं नाहीस, पण असायला पाहिजे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 कर्मचाऱ्याला खाजगी धंदा करू देत नाहीत. साहित्य, कला, विज्ञान यांचं अधूनमधून केलेलं काम चालतं, सरकारी कामात खोट येत नसेल तर. यातला 'अधूनमधून' हा शब्द तुझ्यासाठी आहे. महिन्याला आठ-दहा सुपाऱ्या म्हणजे कला राहत नाही, धंदा होतो, आणि तक्रार करणारा गावात कुणीतरी असतोच. फेरफार अडलाय म्हणून चिडलेला माणूस तुझा स्टेजवरचा व्हिडिओ तहसीलदारांना पाठवू शकतो. नियमित काही करायचं असेल तर लेखी परवानगी घे, अर्जाची पोच जपून ठेव.

वसंतराव देशपांड्यांचं उदाहरण मित्रांनी दिलंच असेल. सगळेच देतात आणि अर्धंच सांगतात. वसंतरावांनी लष्करी हिशेब खात्यात वर्षानुवर्षं कारकुनी केली, नोकरी सोडून पूर्णवेळ गाण्याकडं वळले, आणि 1967 साली 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आलं, हे खरंच. पण नोकरी सुटायच्या आधीच ते घडलेले, मुरलेले गवई होते. राजीनाम्यानं त्यांना गवई केलं नाही. यशवंत देवांनी तर आकाशवाणीत नोकरी करता करता चाली बांधल्या.

आता त्या पंधरा हजारांकडं येते. सही करू नकोस. जनाबाईंचे शब्द कुणाच्या मालकीचे नाहीत, पण चाल तुझी आहे. 2012 साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. चाल दुसऱ्याच्या नावावर केली तरी तिच्या वापरावर जी रॉयल्टी येते तिच्यात समान वाटा मागायचा तुझा हक्क कंपनीला लिहून देता येत नाही. तो लिहून देता येतो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला, म्हणजे रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेला. कंपनीनं करारात काहीही छापलं तरी ती अट टिकत नाही. करार लेखी हवा, त्यात मुदत आणि प्रदेश लिहिलेला हवा. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश नसेल तर फक्त भारत. 'कायमचे' आणि 'जगभर' हे शब्द म्हणूनच ते आठवणीनं घालतात. त्यांना सांग, पाच वर्षांसाठी देतो, चालीवर माझं नाव येईल आणि रॉयल्टीचा वाटा कलमात लिहा. ऐकलं नाही तर राहू दे. घरभाडं थकलेल्या संगीतकाराला असं 'राहू दे' म्हणता आलं नसतं. तुला येतं. गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीचं काम आयपीआरएस ही 1969 पासूनची संस्था बघते, तिच्या सभासदत्वाची चौकशी करून ठेव.

आणखी एक. परभणीलाच आकाशवाणी केंद्र आहे, सुगम संगीताची ऑडिशन दे. बी, बी हाय, ए, टॉप अशा श्रेणी असतात. बिदागीनं माणूस श्रीमंत होत नाही, हे मी बँकेच्या काउंटरवर नोकरी करून गाणं सांभाळणारी बाई म्हणून खात्रीनं सांगते. पण तुला न ओळखणारं कुणीतरी तुझं गाणं तपासतं. ऑर्केस्ट्राच्या टाळ्यांतून ते होत नाही.

पुण्याला जायचंच असेल तर त्याआधी दहा चाली पुऱ्या कर. पुऱ्या म्हणजे ध्रुवपद नि चरण बांधलेल्या, ठेका ठरलेला, आणि तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणीतरी गाऊन पाहिलेल्या. मग परिविक्षा, म्हणजे नोकरीचा सुरुवातीचा चाचणीचा काळ, संपली की असाधारण रजेचा अर्ज टाक. पगार मिळणार नाही आणि रजा मंजूर करणं साहेबांच्या हातात असतं, म्हणून वसुलीच्या तोंडावर मागू नकोस. रजेच्या महिन्यांत खोलीचं भाडं नि डबा भागेल इतके पैसे आत्ताच वेगळ्या खात्यात टाकायला लाग. आईला 'रजा' म्हटलेलं चालेल. 'राजीनामा' हा शब्द घरात काढूच नकोस, सध्या त्याची गरजही नाही.

प्रश्न : मुलगी बारावीला आहे, शास्त्रीय गायनाची मध्यमा परीक्षा पूर्ण झालीय. पुढं संगीतातच पदवी घ्यायची म्हणते. नोकरी लागेल का? आणि मोठी पेटी घेऊन मागते, घेऊ का?
— एक पालक, अंबाजोगाई

उत्तर : शाळेतल्या नोकरीच्या भरवशावर पाठवू नका, संगीत शिक्षकाच्या जागा निघतात तेव्हा खरं. कॉलेजात शिकवायचं तर एम.ए. आणि त्यावर नेट किंवा सेट ही प्राध्यापकांची पात्रता परीक्षा लागते, म्हणजे वाट लांबची. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड, दोन्ही विद्यापीठांत संगीत शिकता येतं. प्रवेशाआधी तिथल्या एखाद्या वर्गात तिला दिवसभर बसवून आणा. फी नंतर विचारा, आधी गुरुजींचे जुने विद्यार्थी आज काय करतात ते विचारा. सोबत बी.कॉम. बाहेरून करता आलं तर उत्तम, पण तिच्या मनाविरुद्ध नको.

पेटी आत्ता नको. गायला तानपुरा लागतो आणि तो मोबाइलवर मिळतो.