पहिलंच पिस्तूल, कन्सील्ड कॅरीसाठी (कपड्याखाली लपवून बाळगायला) सिग पी३६५ घेऊ, ग्लॉक ४३एक्स की स्प्रिंगफील्ड हेलकॅट? (टेक्सासमध्ये राहतो, ग्रीन कार्ड आहे)

रोज टी-शर्टखाली बाळगायचं असेल तर पी३६५ घ्या, हात मोठा असेल तरच ४३एक्स. तिन्ही ९ एमएम गोळीची आणि तिन्ही जेमतेम इंचभर जाड, त्यामुळे जाडीवरून ठरवण्यात अर्थ नाही, खरा फरक मुठीत आहे, पी३६५ ची उंची साधारण ४.३ इंच आणि ४३एक्सची ५ इंच, आणि कपड्यातून दिसते ती नेमकी मूठच, गाडीतून सामानाची पिशवी काढायला वाकलात की मुठीचं मागचं टोक शर्ट तंबूसारखा वर उचलतं. नेमबाजीच्या रेंजवर मात्र तीच लांब मूठ कामाला येते, करंगळी नीट बसते आणि पुढच्या गोळीला नेम पटकन परत लागतो. मी तिन्ही रेंजवर भाड्याने घेऊन चालवलीत, हेलकॅटचा झटका मला सगळ्यात कडक वाटला, तिच्या छोट्या मॅगझिनमध्येसुद्धा ११ गोळ्या बसतात, बाकी दोघांत १०, पण एका गोळीसाठी नवशिक्याने ती घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. ४३एक्सला वेगळं सेफ्टीचं बटण नसतं, पी३६५ मध्ये तसं मॉडेल मिळतं. कुठलंही घ्या, ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर (पिस्तूल अडकवायचं म्यान) त्याच दिवशी घ्या प्लीज.

एक मात्र बघा, टेक्सासमध्ये सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या पात्र माणसाला पिस्तूल बाळगायला परमिट लागत नाही, पण हे वाचून एच-१बी (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसा) वाल्या कुणी दुकानात जाऊ नका, थोडे अपवाद सोडले तर त्या व्हिसावर बंदूक जवळ ठेवणं हाच फेडरल गुन्हा आहे.