आधी अंग, मग वही

मुलाला घरीच शिकवायचं म्हणून तू आखलेलं वेळापत्रक दोनदा वाचलं. गणित, भाषा, विज्ञान, सगळं नीट आखलेलं. आणि अगदी तळाशी, संध्याकाळी साडेपाचला: ‘शारीरिक शिक्षण, वेळ उरल्यास’.

वेळ उरत नाही गं. घरी शिकवताना तर नाहीच. भागाकार अडतो, प्रयोग लांबतो आणि त्याची भरपाई दर वेळी खेळाच्या तासातून होते. म्हणून आधी अंग, मग वही.

माझा थोरला नऊ वर्षांचा होता. वाचन अस्खलित, पाढे तोंडपाठ. एकदा मैदानातल्या आडव्या दांड्याला लटकला. मी मोजत होते. चार म्हणायच्या आत बोटं सुटली. मग तो नुसताच तळहातांकडे बघत उभा राहिला. तीन वर्षं त्याचा तो तास मी गणिताला देत आले होते. निष्काळजी नव्हते मी. पण जो तो विचारायचा, वाचतो का, लिहितो का. लटकता येतं का, हे कोणीच विचारलं नाही.

घरकाम, जिने चढणं व्यायामात धरायचं का, असं विचारलंस. धाप लागत असेल तर धर. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतकी तरी हवी. पाच ते सतरा वयासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये अशा हालचालीची रोज सरासरी ६० मिनिटं सांगितली आहेत. त्यात आठवड्यातून किमान तीन दिवस दमवणारं आणि स्नायू-हाडांना जोर देणारं काही. उड्या, चढणं, लोंबकळणं. वीस-वीस मिनिटांचे तीन तुकडे केलेस तरी चालेल. पहिला तुकडा मात्र वही उघडण्याआधीच.

मैदान लांब आहे, शिकवणारं कोणी नाही, हे मला सांगू नकोस. दोरी आहे, भिंत आहे, चेंडू आहे. आठवडाभर फक्त डाव्या हाताने झेलायला लाव. खरी उणीव वेगळीच आहे: सोबत खेळायला मुलं. ती मात्र शोधावीच लागतील, आठवड्यातून दोनदा तरी. आपल्या डावाची वाट बघणं, हरून पुन्हा उभं राहणं तू एकटी मुलाला शिकवू शकणार नाहीस.

धाकटीच्या वेळी मी हट्टाने सकाळ खेळाला दिली. व्याकरण मागे पडलं, घरचे बोलले. बाराव्या वर्षी शिकली ती व्याकरण. थोरला अजूनही चेंडू अंगावर आला की मान फिरवतो.

तो शेवटचा रकाना उद्याच वर घे. आधी अंग. आणि तुझ्या मुलाला दांड्याला लटकव; किती आकडे झाले, ते मला कळव.