रिटेलमधल्या एम्प्लॉयी सर्व्हेत खरं लिहावं का? नाव खरंच गुप्त राहतं का?

तुम्ही लिहिलंय की कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात नुकतेच लागलात, हेड ऑफिसकडून समाधानाच्या सर्व्हेची लिंक आलीय, आणि मॅनेजर म्हणतात बिनधास्त लिहा, नाव कुणाला कळणार नाही.

नाव कळायची गरजच नसते. पहिल्याच पानावर सेक्शन, वय, बाई की पुरुष, किती वर्षं नोकरी, एवढं भरून घेतात. मोठ्या ऑफिसात त्या चार उत्तरांत शंभरेक माणसं बसत असतील. दुकानात किड्स सेक्शनला तिशीच्या वरची, पाच वर्षं टिकलेली बाई एखादीच असते. बऱ्याच कंपन्या फार लहान गटाचे आकडे वेगळे दाखवत नाहीत, हे खरं. पण शेवटच्या मोकळ्या चौकटीत तुम्ही जे लिहिता ते बहुतेक वेळा जसंच्या तसं वर जातं, आणि वरून परत खाली येतं.

मी बडोद्यात एका चेनच्या दुकानात हेड कॅशियर होते. आमचा सर्व्हे नेमका नवरात्रीच्या तोंडावर यायचा. सकाळच्या ब्रीफिंगला सर सांगायचे, "जोजो, आपणो स्कोर नीचे न जाय." म्हणजे बघा हं, आपला स्कोर खाली जायला नको. सगळ्यांनी भरला की स्टाफला सेव-उसळ. भरायचा बॅक ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, आणि पाठीमागे सरांची खुर्ची. अशा जागी बसून 1 ते 5 मधलं 2 कोण दाबणार? सगळे 4 दाबून बाहेर. 5 दाबलं तर खोटं वाटेल म्हणून 4, इतकी अक्कल प्रत्येकाला असते.

आमचं खरं दुखणं होतं बॅग चेकिंग. रात्री शटर अर्धं खाली आलं की आधी मशीनवर अंगठा लावायचा, म्हणजे ड्यूटी संपली, आणि मग मागच्या दाराशी रांगेत उभं राहायचं. लेडी गार्ड एकच. ती प्रत्येकीची पर्स उघडणार, जेवणाचा डबा उघडणार, सकाळी रजिस्टरमध्ये लिहिलेत तेवढेच पैसे पाकिटात आहेत का ते मोजणार. सेलच्या दिवसांत अर्धा-पाऊण तास त्यातच जायचा, तोही बिनपगारी. नवरात्रीत तर बाहेर पडेपर्यंत गरब्यामुळे रस्ते तुंबलेले, मांजलपूरचं नाव काढलं की रिक्षावाला तिप्पट सांगणार.

काउंटरवरच्या एका मुलीनं हे त्या चौकटीत लिहिलं. भाषा निवडायची सोय होती, तिनं मराठी निवडली. काउंटरवर मराठी आम्ही दोघीच.

दिवाळीनंतर एरिया मॅनेजर प्रिंटआउट घेऊन आले. ते गेल्यावर सरांनी मला केबिनमध्ये बोलावून कागद पुढे सरकवला. एका ओळीवर पिवळा हायलायटर मारलेला: "अंगठा लावल्यावर आम्ही कंपनीचे नसतो, तर रांगेत कोणाचे असतो?"

"आ तमे लख्युं के एणे?" हे तुम्ही लिहिलंत की तिनं?

मी म्हटलं, "सर, सर्व्हे तर गुप्त आहे ना?"

ते हसले. पुढच्या आठवड्यापासून आम्हा दोघींना सलग क्लोजिंग, म्हणजे रात्री दुकान बंद होईपर्यंतची ड्यूटी लागली. वीक ऑफ कधी कोणत्या वारी पडेल याचा नेम नाही. त्या मुलीनं उत्तरायणच्या आत नोकरी सोडली. पुढच्या वर्षी मोकळ्या चौकटी रिकाम्याच गेल्या, स्कोर वाढला, आणि आमच्या स्टोअरला झोनची ट्रॉफी मिळाली. ती काउंटरच्या मागे, फायर एक्स्टिंग्विशरच्या वर ठेवलेली असायची.

रांग बंद झाली ती वेगळ्याच कारणानं. लेडीज स्टाफनं आपसात ठरवलं, आधी बॅग तपासा, मग अंगठा. कोणी आवाज चढवला नाही, फक्त मशीनच्या अलीकडे रांग लावली. गुजरातच्या 2019 च्या दुकान कायद्यात जादा कामाला दुप्पट पगार आहे. रांगेतली मिनिटं ड्यूटीत धरली गेली तसा पगाराच्या शीटवर ओव्हरटाइम दिसायला लागला. महिना संपायच्या आत दुसरी गार्ड आली, शिवाय प्रत्येकीला पारदर्शक पाऊच, म्हणजे पर्स उपसायचं कामच राहिलं नाही.

यावर आमचे भावजी (पुण्याला एचआरमध्ये आहेत, सर्व्हे तयार करणं हेच त्यांचं काम) दर गणपतीत एकच बोलतात: "वहिनी, तुमचा मॅनेजर खराब होता, सर्व्हे नाही." आणि मग अमेरिकेतल्या सीअर्सचं उदाहरण. त्या दुकानवाल्यांनी म्हणे हिशेब मांडला होता, कर्मचाऱ्यांच्या मनोवृत्तीचा आकडा 5 नं वाढला की ग्राहकांच्या मताचा 1.3 नं वाढतो आणि धंद्याची वाढ अर्ध्या टक्क्यानं. 1998 मध्ये हार्वर्डच्या मासिकात छापूनही आलं होतं. बरोबर. त्याच सीअर्सनं 2018 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, हे भावजी सांगत नाहीत. सर्व्हेमुळे बुडाले असं मी म्हणत नाही, पण त्या आकड्यानं त्यांना वाचवलंही नाही.

आणि भावजी, मॅनेजर खराब म्हणजे काय हो? ज्याच्या अप्रेझलमध्ये तो स्कोर जातो, त्याच्याच हातात तुम्ही रोस्टर, म्हणजे कोणाला कधी ड्यूटी आणि कधी सुट्टी ते, देता. तिथे देवमाणूस बसवला तरी तो सेव-उसळच वाटेल. शिवाय तुमच्या सर्व्हेत निम्मं दुकान नसतंच. ब्रँडच्या प्रमोटर मुली, गार्ड, हाउसकीपिंगच्या मावशी, सगळे एजन्सीच्या पगारावर, त्यांना लिंक जात नाही. "कामाला लागणारी साधनं मिळतात का" असं गुळमुळीत विचारता. दिवसभर उभ्या असलेल्या मुलीला बसायला स्टूल आहे का, हे विचारत नाही. केरळात कापडदुकानांतल्या बायका त्यासाठी आंदोलनाला उतरल्या तेव्हा 2018 मध्ये तिथला कायदा बदलला, तमिळनाडूत 2021 मध्ये. कोणाच्या स्कोरकार्डवरून नाही.

असो, तुमचा प्रश्न राहिलाच. भरा, पण स्वतःच्या मोबाइलवर, घरून. लिंक प्रत्येकाला वेगळी आली असेल तर ती तुमच्या एम्प्लॉयी कोडला जोडलेली आहे असंच धरून चाला. मोकळ्या चौकटीत माणसाविषयी लिहू नका, वस्तूविषयी लिहा: एसी, पाणी, मशीन, रोस्टर किती दिवस आधी लागतं. आणि दुकानात सगळे ज्या भाषेत लिहितात त्याच भाषेत लिहा.

सगळीकडे आमच्यासारखंच असेल असं नाही. माझी मैत्रीण अलकापुरीतल्या एका शोरूमला होती, तिथे सर्व्हे बाहेरची एजन्सी फोनवर घ्यायची आणि रोस्टर हेड ऑफिसहून यायचं. तिथल्या बायका खरं बोलायच्या, असं ती सांगते. तुमच्याकडे रोस्टर कोण लावतं ते आधी विचारून घ्या.