टाळेबंदीत गप्प राहिलेल्या खेळाडूंनी 'मूग गिळले' का?

प्रश्न एका अनुवादकाचा आहे. अमेरिकेतल्या बेसबॉलवरच्या लेखाचा मराठी अनुवाद करताना त्यांनी लिहिले, 'खेळाडूंचा संप चालू असताना, संघटना मालकांशी वाटाघाटी करत असताना, बहुतेक नामवंत खेळाडूंनी मूग गिळून गप्प बसणे पसंत केले.' नंतर त्यांचे त्यांनाच ते मूग खटकले. 'मौन धारण केले', 'मिठाची गुळणी धरली' की बातम्यांत दिसते ते 'चुप्पी साधली', यातले काय घ्यावे, असे त्यांनी विचारले आहे.

मुगांच्या आधी संप निस्तरू. लेख २ डिसेंबर २०२१ ते १० मार्च २०२२ या काळाबद्दल आहे. तेव्हा कुणी संपावर गेले नव्हते. खेळाडू संघटनेशी असलेला जुना करार संपताच संघांच्या मालकांनी टाळे लावले होते. काम करणारे काम थांबवतात तो संप आणि मालक त्यांना दाराबाहेर ठेवतात ती टाळेबंदी. १२ ऑगस्ट १९९४ ला खेळाडूंनी काम थांबवले आणि त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज (हंगामाची अंतिम लढत) बुडाली, तो संप. दोन्हीकडे 'संप' लिहिले की हंगाम लांबल्याचे खापर न सांगता खेळाडूंच्या डोक्यावर फुटते. आणि हो, 'ताळेबंदी' नव्हे, 'टाळेबंदी'. ताळेबंद वेगळा, तो हिशेबाचा. मालक टाळेबंदी करतात पण ताळेबंद काही दाखवत नाहीत, ही तिकडच्या खेळाडूंची जुनी तक्रार आहे. २०११ मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या खेळाडू संघटनेने दहा वर्षांचे तपासलेले हिशेब मागितले होते. वाटाघाटी फिसकटण्याच्या कारणांत तेही एक होते.

आता मूग. 'मूग गिळणे' म्हणजे नुसते न बोलणे नव्हे. बोलण्याची वेळ होती, बोलायला हवे होते, आणि भीतीने, भिडेने किंवा स्वतःचे नुकसान नको म्हणून माणूस बोलला नाही, असा ठपका त्या शब्दांतच आहे. त्यामुळे हा वाक्प्रचार वापरताना लिहिणारा निकाल देऊन मोकळा होतो.

बेसबॉलच्याच इतिहासात त्याला चपखल बसणारा प्रसंग आहे. १९६९ मध्ये सेंट लुईस कार्डिनल्सने कर्ट फ्लड या नावाजलेल्या खेळाडूला न विचारता फिलाडेल्फियाच्या संघाला देऊन टाकले. तेव्हाच्या नियमानुसार खेळाडू एकदा एका संघाचा झाला की त्या संघाने सोडेपर्यंत त्याचाच. फ्लडने बेसबॉलचा कारभार पाहणारे कमिशनर बोवी कून यांना पत्र लिहून कळवले की मी खरेदी-विक्रीची वस्तू नाही, आणि मग तो कोर्टात गेला. खेळाडू संघटनेचे प्रमुख मार्विन मिलर पोलादकामगारांच्या संघटनेतून आलेले. त्यांनी संघटनेला त्याच्या पाठीशी उभे केले. १९७० मध्ये न्यूयॉर्कला सुनावणी झाली. जॅकी रॉबिन्सन आणि हँक ग्रीनबर्ग हे निवृत्त खेळाडू त्याच्या बाजूने साक्षीला उभे राहिले. तेव्हा मैदानावर खेळत असलेला एकही खेळाडू साक्ष द्यायला आला नाही. खटल्याचा फायदा त्यांनाच होणार होता, पण मालकाची मर्जी गेली तर उद्याचे काय, ही धास्ती होती. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात फ्लड ५ विरुद्ध ३ मतांनी हरला. त्या खेळाडूंनी मूग गिळले, असे मी बिनदिक्कत लिहीन.

२०२१-२२ ची गोष्ट तशी नाही. तोवर संघटना पक्की उभी होती. तीस संघांचे तीस प्रतिनिधी, त्यांच्याबरोबर आठ खेळाडूंची कार्यकारी उपसमिती, आणि मालकांसमोर बसायला पगारी वाटाघाटकार. अमेरिकेच्या १९३५ च्या कामगार कायद्यानुसार मालकाला संघटनेला डावलून एकेकट्याशी परस्पर सौदा करता येत नाही. खेळाडूने बाहेर बोलू नये, असे मात्र तो कायदा म्हणत नाही. कामाच्या अटींबद्दल बोलण्याला उलट संरक्षणच देतो. म्हणजे गप्प राहणे सक्तीचे नव्हते, तो डाव होता. एखाद्या बड्या खेळाडूने मुलाखतीत सहज म्हटले, 'मला काय, मला खेळायचंय, मिटवा एकदाचं', की कुठे ओढले तर उसवेल ते मालकांना कळते. यासाठी आपल्याकडे म्हण तयार आहे: झाकली मूठ सव्वा लाखाची. करारावर मतदान झाले तेव्हा ही मूठ उघडली. उपसमितीच्या आठही जणांनी विरोधात मत दिले होते आणि संघप्रतिनिधींच्या जोरावर करार २६ विरुद्ध १२ असा मंजूर झाला. एवढा मतभेद टाळेबंदीच्या ऐन मध्यात आकड्यांनिशी बाहेर आला असता तर मालकांनी आणखी ताणून धरले असते, असे मला वाटते.

शिवाय बोलण्याचा चटका आधीच्यांना बसलेला होता. १९९८ च्या बास्केटबॉल टाळेबंदीत खेळाडू संघटनेचा अध्यक्ष होता पॅट्रिक युइंग. आम्ही पुष्कळ कमावतो हे खरे, पण आमचा खर्चही पुष्कळ असतो, अशा अर्थाचे तो बोलून गेला. मुद्दे राहिले बाजूला, लोकांनी तेवढे वाक्य धरून ठेवले आणि अजून सोडलेले नाही. लाखो डॉलर मिळवणाऱ्याने पैशांबद्दल तोंड उघडले की सहानुभूती मालकाकडे सरकते, हा धडा पुढच्या पिढीने गिरवला.

'मिठाची गुळणी धरली' याची जात निराळी. इथे कुणीतरी समोर उभे राहून विचारते आहे आणि हा मुद्दाम ओठ मिटून बसला आहे. हा वाक्प्रचार नेहमी विचारणाऱ्याच्या बाजूने येतो, त्यात त्याची चरफड असते. 'पत्रकारांनी खोदून खोदून विचारले तरी त्याने मिठाची गुळणी धरली' हे झकास. पण प्रश्नकर्ता वाक्यात नसेल तर गुळणी अधांतरी राहते, आणि अनुवादकाच्या वाक्यात तो नाही.

अनुवादकाने ज्याबद्दल विचारले नाही असा एक शब्द त्यांच्या लेखात फार कामाला येईल: अबोला. मौन एकट्याचे असू शकते, अबोल्याला दोघे लागतात. टाळेबंदी लागताच संघाच्या लोकांचे खेळाडूंशी बोलणे बंद झाले. दुखापतीतून सावरणाऱ्या खेळाडूला आपल्याच संघाच्या फिजिओला विचारायची सोय उरली नाही. लीगच्या अधिकृत संकेतस्थळावरून खेळाडूंची छायाचित्रे उतरवली गेली आणि त्या जागी चेहरा नसलेली राखाडी आकृती आली. त्यावर अनेक खेळाडूंनी ट्विटरवर स्वतःचा फोटो हटवून तीच बिनचेहऱ्याची आकृती लावली. (हे गप्प राहणे म्हणायचे की बोलणे? मला तरी ते चांगले खणखणीत बोलणे वाटते.) टाळे लावल्यावर मालकांचा पुढचा प्रस्ताव यायला जानेवारीचा मध्य उजाडला, सहा आठवडे गेले. या सहा आठवड्यांना 'मौन' म्हटले तर फार पवित्र होईल. तो अबोला होता, आणि मालकांनी धरलेला होता.

मालकांच्या गप्प राहण्यालाही मराठीत दोन वेगळे शब्द आहेत. १९८५ ते १९८७ या वर्षांत बेसबॉलच्या मालकांनी, करारातून मोकळ्या झालेल्या दुसऱ्या संघाच्या खेळाडूंना बोलीच लावायची नाही, असे आतल्या आत ठरवले. लवादांनी हे संगनमत असल्याचे सांगितले आणि १९९० मध्ये २८ कोटी डॉलरवर तडजोड झाली. ही अळीमिळी गुपचिळी. तिच्यात सगळे मिळून एकच गोष्ट लपवतात, म्हणून संघटनेच्या उघड धोरणाला ती लावू नये.

दुसरा शब्द मुस्कटदाबी. वाटाघाटींच्या काळात बोलण्याबद्दल दंड होतो तो खेळाडूंना नव्हे, मालकांना, आणि करते त्यांचीच लीग. २०११ च्या बास्केटबॉल टाळेबंदीत मायामीचे मालक मिकी ॲरिसन यांना ट्वीटबद्दल ५ लाख डॉलर भरावे लागले. शार्लटचा मालक म्हणून मायकेल जॉर्डन एका ऑस्ट्रेलियन वृत्तपत्राशी बोलला, त्याला १ लाख. हाच जॉर्डन १९९८ मध्ये खेळाडू म्हणून वाटाघाटीच्या बैठकीत एका मालकाला ऐकवून आला होता की नफा होत नसेल तर संघ विकून टाका.

'चुप्पी साधली' मला नको. हिंदीतले 'चुप्पी साधना' जसेच्या तसे उचलले आहे. चूप, चिडीचूप आपलेच आहेत, पण चुप्पी साधायची तर मराठीत कुणी साधत नाही. 'मौन धारण केले' व्याकरणाने बरोबर आहे, पण खेळाडू एकदम ऋषिमुनी होऊन बसतात. साधे 'मौन बाळगले' चालेल.

पण माझी पहिली पसंती त्यांच्याच वाक्यातल्या 'गप्प'ला, फक्त क्रियापद बदलून. 'गप्प बसला' म्हटले की कुणीतरी बसवले किंवा हा घाबरून बसला, असे ऐकू येते. 'गप्प राहिला' म्हणजे आपणहून, ठरवून. तेव्हा: 'टाळेबंदीच्या काळात मालकांशी बोलणी करण्याचे काम संघटनेवर सोपवून बहुतेक नामवंत खेळाडू स्वतः गप्प राहिले.' ते का गप्प राहिले हेही यातच येते आणि निकाल वाचकावर सोडता येतो.

लेखाच्या शेवटी, करार झाल्यावर खेळाडू बोलू लागले असा भाग असणार. तिथे 'मौन तोडले' लिहू नका. ते 'मौन तोड़ा' या हिंदीवरून आले आहे. मराठीत मौन सोडतात, अबोलाही सोडतात. मूग मात्र एकदा गिळले की गेले, ते परत बाहेर काढायला क्रियापद नाही.