घुंगरू, सॅक्सोफोन आणि रॅप, सगळं एकाच स्टेजवर?

प्रश्न : मुलगी नऊ वर्षं कथक शिकतेय. पुढच्या महिन्यात इथे इंदूरमध्ये तिच्या ग्रुपचा प्रोग्राम आहे, त्यात तबला, सॅक्सोफोन, ड्रम, रॅप करणारा एक मुलगा आणि दोन ब्रेकडान्सवाले, सगळे एकत्र. सासरे शास्त्रीय गायक अमीर खाँसाहेबांच्या गाण्यावर वाढलेले, ते म्हणतात ही भेसळ आहे, मी नाही येणार. काय सांगू त्यांना?

उत्तर : ताई, खाँसाहेबांचा अतिविलंबित झुमरा, म्हणजे अगदी संथ लयीतला तो ताल, ज्यांनी ऐकलाय ना, त्यांना सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, धरून बसायला कुणी शिकवायची गरज नाही, आणि इथे तेवढंच लागतं. जॅझमध्ये चार-चार बारची (बार म्हणजे ठोक्यांचा एक गट) देवाणघेवाण असते, म्हणजे सॅक्सोफोन चार बार वाजवणार मग ड्रमवाला चार बार उत्तर देणार, आता एका बारच्या चार मात्रा धरल्या तर झाल्या सोळा, म्हणजे तीनतालाचं एक आवर्तनच, एक पूर्ण फेराच की, आपला सवाल-जवाबच तो! मुलीची तिहाई, म्हणजे तीनदा येणारा तोच तुकडा, समेवर येईल तेव्हा ड्रमचा ठोकाही तिथेच पडतोय का ते बघायला सांगा त्यांना.

घोळ होतो तो टाळीत. तीनतालात टाळी पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेला आणि नवव्याला खाली, म्हणजे टाळी न देता नुसता हात, पण हिप-हॉपचा जोर दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर असतो, पब्लिक तिथेच टाळ्या देणार आणि सासऱ्यांना वाटणार सगळे बेताल झाले. आधीच सांगून ठेवा. घरी मुलीला पढंत करायला, म्हणजे नाचाचे बोल तोंडाने म्हणायला लावा आणि तुम्ही शेजारी बसून दोन-चारवर टाळी द्या, ‘ता थेई थेई तत्’ मधल्या पहिल्या थेईवर आणि तत् वर, मजा येते खरंच.

आणि लेहरा! हे मला फार आवडतं. कथकला मागे सारंगी किंवा हार्मोनियमवर एकच धून फिरत राहते आणि नाचणारा त्यावर खेळतो. 1973 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात डीजे कूल हर्कने गाण्यातला नुसता ड्रमचा तुकडा, ज्याला ब्रेक म्हणतात, तो एकाच रेकॉर्डच्या दोन कॉपी दोन टर्नटेबलवर लावून लांबवत नेला, का तर पोरं त्यावरच जास्त नाचायची. त्या ब्रेकवर नाचणारे ते ब्रेकडान्सवाले. म्हणजे त्यांनाही काहीतरी फिरत राहणारं हवंच होतं ना.

पण सासऱ्यांचं अगदीच चूक नाहीये. मी असा एक प्रोग्राम पाहिला होता, ड्रम आणि बेसच्या खाली घुंगरू एकदाही ऐकू आले नाहीत, मुलगी जीव तोडून नाचत होती आणि आम्हाला नुसते पाय दिसत होते, फार वाईट वाटलं. तर मुलीला सांगा साउंड चेकला भांडून का होईना पण पायापाशी वेगळा माइक मागून घे, तबल्यालाही वेगळा, आणि तिची तिहाई चालू असताना ड्रमवाल्याने हात थांबवायचा हे रिहर्सललाच ठरवून टाका.

सासऱ्यांची सीट मधल्या रांगेत घ्या, स्पीकरसमोर अजिबात नको.