दिवे लागतात, जंप दिला तरी नुसतं टक? आधी अर्थिंग बघा

गाडी सुरू होईना म्हणून शेजाऱ्याच्या गाडीच्या बॅटरीवरून केबल जोडून जंप दिला, डॅशबोर्डचे दिवे झकास लागले, पण सेल मारला की नुसतं टक. तुमचं हे वाचलं आणि रत्नागिरीतला माझा एक अख्खा पावसाळा आठवला. केबलचा लाल चिमटा कुठे, काळा कुठे, ते तुम्हाला माहीतच असणार, म्हणून ते सोडतो.

माझी तेव्हाची गाडी आठ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक. सर्व्हिस सेंटरला नेली (नाव घेत नाही). बॉनेट उघडल्या उघडल्या "बॅटरी गेली साहेब." ४८०० रुपये मोजले. नऊ दिवसांनी पुन्हा टक. पुन्हा नेली, तर आता म्हणे स्टार्टर (इंजिन फिरवणारी मोटर) बदला, साडेअकरा हजार. दोन्ही वेळा मीटर कोणी लावलाच नाही. का, विचारलं तर काउंटरवरचा म्हणतो, "चेकिंगचं वेगळं जॉबकार्ड करावं लागेल." बदलायला कार्ड लागत नाही, बघायला लागतं!

पण खरी घोडचूक माझीच. जंप देताना दर वेळी शेवटचा काळा चिमटा मी बंद गाडीच्या बॅटरीच्या निगेटिव्हलाच लावायचो. मॅन्युअलमध्ये तो इंजिनाच्या उघड्या धातूला लावा असं असतं, ठिणगीने बॅटरीजवळचा हायड्रोजन पेटू नये म्हणून. मला वाटायचं, हे नुसतं काळजीचं पुराण. शेवटी नाक्यावरच्या एका वायरमनने तोच चिमटा इंजिनाच्या ब्रॅकेटला लावला आणि पहिल्या सेलला गाडी सुरू. बॉडीपासून इंजिनाला येणारी तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी खारट हवेने हिरवी पडून चार-पाच तारांवर लोंबत होती. दिव्यांचं अर्थिंग (करंट बॅटरीकडे परतायची वाट) बॉडीवर, त्यांना ती पट्टी लागतच नाही. स्टार्टरला शे-दीडशे अँपियर हवेत, ते त्या पट्टीतूनच परततात. नवी पट्टी मजुरीसकट साडेतीनशे.

तेव्हा आधी चिमट्याची जागा बदलून बघा. मल्टीमीटर असेल तर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूला, आणि कोणाला तरी सेल मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर दोष अर्थिंगचा, बॅटरीचा नाही. बॅटरीचं टर्मिनल (केबल जोडायची जागा) वरून चकचकीत दिसलं तरी सोडवून आतून पॉलिश पेपर मारा. आणि त्या स्वस्तातल्या जंपर केबल! वर जाडजूड प्लास्टिक, आत शेवयांसारखी तार. दोन मिनिटांत हाताला गरम लागल्या तर समजा, तार बारीक आहे.

मी मेकॅनिक नाही, स्वतःच्या जबाबदारीवर करा. हायब्रिड असेल तर यातलं काहीच करू नका, सरळ माहीतगाराला बोलवा. आणि हो, टक एकदाच येतं की टकटकटक अशी माळ लागते, तेवढं सांगा. माळ असेल तर बहुधा बॅटरीच उतरली आहे किंवा केबल बारीक आहे. मग शेजाऱ्याची गाडी दहा मिनिटं चालू ठेवून पुन्हा सेल मारा, पट्टीच्या मागे लागू नका.