मधुमेहासारख्या आजारात स्वतःची काळजी घ्यायला शिकवणाऱ्या कार्यक्रमांमागे कोणते सिद्धांत असतात? ते खरंच उपयोगी पडतात का?

पडतात. पण धाक दाखवल्याशिवाय माणूस सुधारत नाही असं मानणाऱ्यांना ते पटत नाही. माझे थोरले दीर त्यातलेच.

सासूबाईंना इन्सुलिन सुरू झालं तेव्हा आम्ही सिडकोत राहायचो. भाऊजी रविवारी नाशिक रोडहून यायचे आणि कुणाचा पाय कापला, कुणाची दृष्टी गेली, हेच ऐकवून जायचे. आईंनी साखर तपासणंच बंद केलं. टोचायलाही मीच लागायचे.

खालच्या मजल्यावरच्या मावशी स्वतः इन्सुलिन घेतात. एकदा त्या आईंसमोरच बसल्या. पेनला सुई लावली, दोन युनिट हवेत सोडून थेंब येतो का पाहिलं, बेंबीपासून चार बोटं सोडून टोचलं, दहा अंक मोजले, सुई काढली. आईंनी विचारलं, "दुखत नाही का हो?" "डास चावतो तेवढं." पुढे आई स्वतःच घ्यायला लागल्या.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये हेच मांडलं. 'मला जमेल' हा विश्वास सर्वांत जास्त स्वतः करून पाहण्यातून येतो, आणि मग आपल्यासारख्याच कुणाला तरी करताना बघून. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग यांनी उभा केलेला ६ आठवड्यांचा कार्यक्रम यावरच बेतलाय. शिकवणारे बरेचदा स्वतःच दीर्घ आजाराचे रुग्ण असतात. आठवड्याचं काम ज्याने त्याने ठरवायचं आणि ते जमेल याची खात्री ० ते १० मध्ये किती, ते सांगायचं. ७ च्या खाली आली तर काम लहान करायचं. आईंना कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक झेपला नसता, जेवणानंतर गच्चीवरच्या फेऱ्या झेपल्या.

भाऊजींच्या म्हणण्याला आधार देणारा सिद्धांतही आहे, १९५० च्या दशकातला. धोका जाणवल्यावर माणूस हलतो, असं तो सांगतो. पण उपायाचा फायदा दिसायला हवा आणि अडचणी कमी व्हायला हव्यात, हेही त्यातच आहे. ते भाऊजींनी कधी ऐकूनच घेतलं नाही.

डोस मात्र डॉक्टरच ठरवणार, त्यात स्वतःचं डोकं चालवू नका. आणि साखर तपासायच्या पट्ट्यांना पैसे नसतील तर नुसत्या विश्वासाने काही होत नाही.

भाऊजी आजही म्हणतात, मी घाबरवलं म्हणून आई सुधारल्या. त्यांच्या त्या रविवारांत ग्लुकोमीटर कपाटात पडून होता. तो बाहेर निघाला मावशी येऊन गेल्यावर. तुमच्याकडे कुणाचं इन्सुलिन नवीन असेल तर रोज घेणारं माणूस शोधा आणि त्यांच्याजवळ बसवा. किस्से सांगणाऱ्यांना चहा पाजून वाटेला लावा.